पारापुढचा उतार

सायकल मागे ढकलली की तिचं पायडलही उलटं फिरतं, हे मी विसरून गेले होते. नडगीवर फाडकन बसलं तेव्हा आठवलं. गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्याच्या पेंढ्यांमागे ती इतकी वर्षं उभी होती. दादाचा फोन आला होता, "गोठा पाडून शेड टाकतोय. तुजी सायकल हाय तिथं. भंगारवाल्याला देऊ का?" तुझी सायकल म्हणे! पंचवीस वर्षांपूर्वी मी ती रोज सोळा किलोमीटर हाकत होते तेव्हा ती त्याची होती, आणि मला फक्त 'तात्पुरती' दिलेली होती. आता भंगारात जायची वेळ आली तेव्हा ती माझी झाली. मी तीन दिवसांची रजा टाकून मंचरहून आले ते अर्धी सायकलसाठी आणि अर्धी ह्या शब्दाच्या रागाने.

चोवीस इंची, मधे दांडी असलेली, जेंट्स सायकल. सीटचं कातडं उंदरांनी खाल्लेलं. दोन्ही टायर जमिनीला चिकटून बसलेले. पण चेनवर बोट फिरवलं तर काळं, घट्ट ग्रीस तसंच होतं आणि त्याचा वासही तसाच. सहा वर्षं माझ्या सगळ्या ओढण्यांना, माझ्या हातांना, कधीकधी डब्यातल्या पोळ्यांनाही हाच वास यायचा. आई म्हणायची, "पोरगी हाय का गॅरेज हाय?"

ह्या सायकलची गोष्ट सांगायला हवी, कारण ती इतर सायकलींसारखी नव्हती. साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. तुम्ही पाय थांबवले तरी चाक टिकटिक करत आपल्या आपण पुढे जातं. आमच्या सायकलचं फ्रीव्हील दादाच्या हातूनच मोडलं. गावातल्या मिस्त्रीने चाक हातात घेऊन फिरवलं आणि मान हलवली. "चाकाचं आटं गेल्यात. नवं फ्रीव्हील बसवलं तरी धरायचं न्हाई. सध्या वेल्डिंगचं दोन टाकं मारून देतो, नवं चाक आलं की बघू." टाके मारले गेले. आता चाक फिरलं की पायडल फिरणारच, पायडल थांबलं तर चाक थांबणारच. पायांना विसावा म्हणून नाही. दादाने ती आठवडाभर चालवली, कंबर धरून बसला आणि लगेच मोटारसायकल घेतली. मग सायकल माझ्याकडे आली. नवं चाक सहा वर्षं येत होतं. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींइतकं टिकाऊ काही नसतं.

मला नुकतीच नोकरी लागली होती. घोडेगावात तहसील कचेरीच्या समोर एक टायपिंगचं दुकान होतं. तीन मशिनं, एक पंखा, आणि बाहेर बाकावर सातबारा, दाखले, अर्ज यांच्यासाठी डोंगराकडून आलेली माणसं. तळेघरच्या बाजूची माणसं पहाटे चालायला लागून आलेली असायची. त्यांचे अर्ज कचेरी उघडायच्या आत तयार लागायचे, म्हणून मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पावणेदहाला मशीन वाजलं पाहिजे. उशीर तीनदा चालेल, चौथ्यांदा घरी." आमच्या गावाहून घोडेगाव आठ किलोमीटर. एसटी होती, पण ती यायची तेव्हा दारात लटकायलाही जागा नसायची, आणि जागा असायची तेव्हा ती यायची नाही. वडील लवकर गेलेले, घरात दादाचा शब्द चालायचा. तो म्हणाला, "सायकलवर जायाचं तर जा. न्हाई जमलं तर घरी बस."

जमवलं. दांडीच्या सायकलवर ड्रेस घालून बसायचं तर डाव्या पायडलवर पाय ठेवून टांग टाकावी लागते. पण आमच्या बाईसाहेबांचं पायडल पाय ठेवताच फिरायला लागायचं. म्हणून मी मैलाच्या दगडावर चढून बसायची युक्ती काढली. उतरणं त्याहून कठीण. चालत्या गाडीवरून उडी मारता येत नाही. आधी पायांनी चाक अडवत अडवत सायकल पूर्ण थांबवायची आणि मग उतरायचं. पुढचा एक ब्रेक होता, त्याचं रबर नावापुरतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी आमची दोघींची सोयरीक.

आणि तरीही ते रस्ते! माघ-फाल्गुनात डोंगरातून हिरडा उतरायचा. व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर वाळत घातलेल्या हिरड्याचा तुरट वास घोडेगावच्या अलीकडे अर्धा किलोमीटर लागायचा, जिभेवर येऊन बसायचा. चैत्रात कांदा काढणी सुरू झाली की बांधाबांधाला बायका बसलेल्या, पातीचा हिरवा वास आणि कात्र्यांचा कचकच आवाज. भाद्रपदात ओढ्यालगतच्या खाचरांत भात फुलोऱ्यावर यायचं. त्या वासाला नाव नाही, फक्त भूक आहे. थंडीत धुकं इतकं असायचं की मला माझंच पुढचं चाक दिसायचं नाही. शेजारच्या उसात काही सळसळलं की बिबट्याच्या धास्तीने पाय आपोआप दुप्पट फिरायचे. सगळ्या ऋतूंत चेनचा एक सलग, न तुटणारा सूर. टिकटिक नाही, खंड नाही. मी थांबले तरच तो थांबायचा.

पण ह्या सगळ्याच्या मधोमध एक उतार होता, आणि माझं दुखणं तिथे आहे.

गावापासून तीन किलोमीटरवर रस्ता एकदम खाली घसरतो आणि मधल्या वाडीच्या पाराला घासून पुढे जातो. पार म्हणजे पिंपळाखालचा दगडी ओटा; तिथे सकाळपासून वाडीची म्हातारी माणसं बसलेली असायची. आमच्या भागात तेव्हा एक रीत होती. लेकीबाळींनी, सुनांनी पारापुढून सायकलवर बसून जायचं नाही. उतरायचं, ओढणी किंवा पदर सारखा करायचा, सायकल हातात धरून चालत पुढे व्हायचं आणि मग बसायचं. मुलांसाठीही हीच रीत पूर्वी होती म्हणे. त्यांनी ती कधीच मोडली आणि कुणी काही म्हटलं नाही.

पहिले दहा दिवस मी ती रीत पाळूच शकले नाही. उताराच्या माथ्यावरून सायकल सुटली की पायडलं अशी गरगरायची की पाय त्यांच्यावर टिकवणं हेच काम. ओढणी दातात, अब्रू वाऱ्यावर, डोळ्यांतून पाणी. पार यायचा आणि जायचा. मला थांबायचं होतं असं मी आता खोटं सांगणार नाही. त्या अर्ध्या मिनिटात मी कुणाची बहीण नव्हते, मुलगी नव्हते, टायपिस्टही नव्हते. इतकी भीती आणि इतका आनंद मला नंतर एकत्र कधी मिळाला नाही. खाली शाळेपाशी रस्ता सपाट झाला की मी एकटीच मोठ्याने हसायची.

अकराव्या दिवशी दादा घोडेगावच्या बाजारातून आला तो तोंड पाडून. "मधल्या वाडीच्या नानांनी भर बाजारात थांबवलं मला. तू पारापुढून सायकलवर बसून जाती म्हनं. उद्यापासून उतरून जायाचं. न्हाईतर नोकरी बंद."

मी सांगितलं, सायकल थांबत नाही. तूच चालवली आहेस, तुला माहीत आहे. तो म्हणाला, "थांबत न्हाई तर वरच उतर."

आणि मी उतरले. दुसऱ्या दिवसापासून उताराच्या माथ्यावर थांबायचं, खाली पायी जायचं, पारापुढून मान खाली घालून जायचं, शाळेपाशी दगडावर चढून पुन्हा बसायचं. संध्याकाळी चढाला तर पायीच यावं लागायचं. पंधरा-वीस मिनिटं जायची, म्हणून घरून आधी निघायचं, तेवढंच पहाटे आधी उठायचं. सहा वर्षं! साऱ्या रस्त्यात एवढाच तुकडा असा होता की जिथे सायकल मला ओढून नेणार होती, मी तिला नाही. आणि तोच मी सायकलला बैलासारखं हातात धरून चालले. जगात उतार पायी उतरून चढही पायी चढणारी सायकलस्वार मी एकटीच असेन.

नाना कोण, तर वाडीतले थोरले. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. आता शेती, पण खांद्यावरची घोंगडी आणि चालत्या गोष्टीवर नजर ठेवायची सवय तशीच राहिलेली. मी पारापुढून जायची तेव्हा ते माझ्याकडे बघत असायचे हे न बघताही कळायचं. मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले आहे ते लिहिण्यासारखं नाही. पुढे लग्न झालं, मंचरला गेले, टायपिंग गेलं, कॉम्प्युटर आले, आता स्कूटीवरून कामावर जाते. पण नानांवरचा राग मात्र मी जपून ठेवला होता.

तर परवा मी गावातल्या दुकानात सायकलला टायर-ट्यूब, सीट आणि ब्रेकला नवं रबर घालून घेतलं. दुकानदार तरुण होता, त्याने चाक फिरवून बघितलं आणि हळहळला. "ताई, हे कुणी केलं? आख्खं चाक बदलून देतो ना नवं." मी म्हटलं, हात लावायचा नाही. तो माझ्याकडे जरा काळजीनेच बघत राहिला.

काल सकाळी निघाले. गुडघे कुरकुरत होते, पण पायांना सगळं आठवत होतं. रस्ता आता डांबरी आणि रुंद झालाय, कांद्याच्या चाळी वाढल्यात, पिकअप अंगावर येतात. उताराचा माथा आला. आज कुणाच्या बापाला भिणार नाही असं घरून ठरवून निघालेली मी. आणि माझे पाय आपले आपण चाक अडवत गेले, सायकल थांबली, मी उतरले. काय चाललंय ते कळायच्या आत दहा पावलं चाललेही होते. असा संताप आला स्वतःचा! पण परत वर जाऊन चढायला तिथे दगडही नव्हता. रुंदीकरणात मैलाचे दगड गेले. तशीच चालत खाली आले.

पारावर तीन म्हातारे होते. त्यातले मधले नाना. नव्वदीला टेकलेले, पण ताठ. त्यांनी आधी सायकल ओळखली, मग मला.

"आजपन पायीच व्हय गं पोरी?"

मी नमस्कार केला. मनात म्हटलं, बघा, अजून समाधान झालेलं नाही. तेवढ्यात ते बाजूच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "हीच ती. सांगायचो न्हाई का? उतारावनं अशी यायची की पाय दिसायचं न्हाईत. नुसता भवरा." मग माझ्याकडे वळले. "आमी रोज चहाची पैज लावायचो. आज वळनावर सावरती का पडती. म्या रोज तुज्यावर लावायचो. एकदापन हारलो न्हाई. आन मग तू यकायकी पायी जायाला लागलीस."

मी म्हटलं, "नाना, तुम्हीच तर दादाला बाजारात…"

"म्हनलं की! म्हनलं, पोरगी लई जोरात येती, ब्रेकाला रबर न्हाई, तेवढं ब्रेक बसवून द्या. एवढंच. पुन्यांदा काय तू बसून आली न्हाईस. मान खाली घालून जायची, बोलायची न्हाई. आमाला वाटलं, मानसं आपल्याकडं बघत्यात म्हनून पोरीला राग आला. आमी पैज बंद केली." त्यांनी काठी ओट्यावर टेकवली. "आमचं काय चुकलं व्हतं का?"

काय सांगणार? माझ्या भावाने तुमच्या नावावर मला खाली उतरवलं, हे भर पारावर, दोन माणसांपुढे बोलायचं? म्हटलं, "नाही हो नाना. गुडघा दुखायचा."

"सा वर्सं दुखला व्हय?" नाना म्हणाले. त्यांना ते पटलं नव्हतं.

सायकल चढावरून हातात धरून आणताना माझ्या अंगाची नुसती लाही झाली. घरी आले तेव्हा दादा गोठ्याचे पत्रे उतरवत होता. आता साठीचा आहे तो. शिडीवर चढतो तेव्हा वहिनी खाली शिडी धरून उभी राहते. मी तिथेच सुरू केलं. नानांनी तुला ब्रेकचं सांगितलं होतं की पारापुढून उतरायचं?

"कवाचं काढती तू?" तो म्हणाला. मग पत्रा खाली देऊन शिडीवरून उतरला, कपाळ पुसलं, आठवायला लागला. "ब्रेकाचंच म्हनले व्हते."

"मग?"

"अगं, भर बाजारात थोर मानूस थांबवून ब्रेकाचं बोलतं व्हय? दुसऱ्याच्या घरच्या पोरीबद्दल कुनी सरळ बोलत न्हाई, आडूनच बोलत्यात. ब्रेक लावा म्हंजे पोरीला आवरा. मला तसंच वाटलं. कुनालाबी तसंच वाटलं असतं."

आणि खरं सांगायचं तर तेव्हा आमच्या गावात कुणालाही तसंच वाटलं असतं. सरळ बोललेलं आम्हाला कधी सरळ ऐकूच यायचं नाही. पण म्हणून काय झालं? मी ओरडले. माझी सहा वर्षं, माझ्या पहाटा, माझा उतार! एवढी एकच गोष्ट होती माझी! वहिनी शिडी सोडून स्वयंपाकघरात गेली. दादा ऐकून घेत होता. त्याने 'चुकलं' म्हणावं एवढीच माझी इच्छा होती, एक शब्द. तो म्हणाला नाही. तो पेंढीवर बसला आणि अगदी सहज, न रागावता म्हणाला,

"मला वाटलं ते मी बोललो. पन तू तर रोज दोनदा त्यांच्याम्होरनं जात व्हती. एकदा इचारायचंस."

लेकीबाळी पारावरच्या माणसांशी बोलायच्या नाहीत, हे उत्तर तोंडाशी आलं होतं. पण घोडेगावात बाकावर बसलेल्या शंभर अनोळखी म्हाताऱ्यांशी मी रोज बोलत होते, त्यांची नावं, गटनंबर, भांडणं विचारून घेत होते. नानांनाच तेवढं विचारलं नाही. कारण विचारलं असतं आणि ते 'हो, उतर' म्हणाले असते, तर? मग नोकरीवरच आलं असतं सगळं. त्यापेक्षा पायी जाणं परवडलं. नोकरी टिकली, त्या नोकरीवर मी उभी राहिले, हेही खरं. पण समोरच्या पारावर एक म्हातारा आपलं काय चुकलं ह्याचा विचार करत बसला होता, आणि काल त्याने तोंडाने विचारलं तरी मी त्याला गुडघा सांगून आले. ह्यात दादा कुठे होता?

रात्री जेवताना वहिनीने भाकरी वाढली आणि म्हणाली, "सायकल न्हाई द्यायची भंगारात, एवढं कळलं मला."

आज सकाळी पुन्हा निघाले. माथ्याच्या अलीकडे पुलाचा कठडा आहे, तिथवर चालतच आले आणि त्याच्यावर चढून बसले, म्हणजे माथ्यावर पायांना थांबायला वेळच मिळायला नको. पाय चाक अडवायला लागले तेव्हा त्यांना अक्षरशः शिव्या घातल्या. मग रस्ता खाली वाकला आणि सायकल सुटली. पायडलं माझ्या ताब्यातून गेली. गुडघ्यात कळ, एक चप्पल कुठेतरी उडाली. वाऱ्याने डोळे भरून आले. ब्रेक दाबला तर रबर नवं असूनही नुसतं किंचाळलं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, लोक काय म्हणतील, हे मनात यायच्या आत पिंपळ समोर होता आणि ओट्यावर नाना काठीला धरून उभे राहत होते.

थांबून सांगायचं ठरवलं होतं. थांबणं शक्य नव्हतं. म्हणून जाता जाता ओरडले, छातीतला होता नव्हता तेवढा सगळा जीव घालून, "नाना, तुमचं काही चुकलं नव्हतं! मीच विचारलं नाही!"

नानांचा काठीचा हात वर गेला. तोंड हललं. ते काहीतरी मोठ्याने म्हणाले आणि बाजूचे दोघे हसले, की रागावले, ते मला दिसेपर्यंत पार मागे पडला होता. सायकल शाळेपाशी कशीबशी थांबली. मी दांडीवरून घसरून खाली आले, एका पायात चप्पल, दुसऱ्याला खडी टोचत होती, दम असा लागलेला की उभं राहवेना. नाना काय म्हणाले ते काही कळलं नव्हतं. मी सायकल वळवली आणि त्यांना विचारायला परत निघाले.